कोळशावर चाललेली पेठेची मोटार

लढाईच्या काळात आमची मोटार लाकडी कोळशावर चालायची, असं सांगितलं की आत्ताची ड्रायव्हर मंडळी हसतात. त्यांना वाटतं, आगगाडीच्या इंजिनात मारतात तसा मी फावड्यानं भट्टीत कोळसा मारत घाट चढत होतो. तसं काही नव्हतं. पण जे होतं ते दर वेळी समजावून सांगायचा आता कंटाळा येतो. एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा बोलायला नको.

मी कामशेत ते तिकोणा पेठ या रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवत होतो. सर्व्हिस मोटार म्हणजे काय, तर लॉरीचा सांगाडा घ्यायचा, त्यावर सुताराकडून लाकडी खोका बसवून घ्यायचा, आत फळ्यांची बाकं, दोन्ही बाजूंना गुंडाळायचे किंतानाचे पडदे आणि टपावर सामान. मोटार अण्णाशेठची. त्यांची कामशेतात भाताची गिरणी होती आणि मोटार हा त्यांचा जोडधंदा होता. माझ्याबरोबर तुकाआबा. तिकीट फाडणं, टपावर सामान चढवणं, चढावर चाकामागं ठोकळा लावणं, सगळं त्यांच्याकडं. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे होते, पण टपावर चढायचे ते माझ्याआधी.

कामशेत सोडलं की एक खिंड लागते. ती ओलांडली की खाली पवन मावळ. मग भातखाचरांतून कच्चा रस्ता, पवनेवरची फरशी, म्हणजे पाण्यालगतचा बुटका दगडी पूल, आणि पलीकडं तिकोण्याच्या पायथ्याशी पेठ. जूनपासून गणपतीपर्यंत मोटार बंदच असे. बाकीचे महिने मोटार रात्री पेठेला मुक्कामाला असायची आणि सकाळी निघायची, कारण सकाळच्या मोटारीला दूध असे. पेठेचं आणि आजूबाजूच्या वाड्यांचं दूध या मोटारीनं कामशेतला, तिथून आगगाडीनं लोणावळ्याला आणि पुढं खंडाळ्याच्या बंगल्यांत, हॉटेलांत जाई.

या दुधाची व्यवस्था बघायची मंजुळामावशी. पेठेतल्या धोंडीभाऊंची ती बायको. घरच्या म्हशी होत्याच, शिवाय ती वाडीवाडीचं दूध गोळा करून कॅनात भरायची आणि स्वतः लोणावळ्यापर्यंत घेऊन जायची. धोंडीभाऊ शांत माणूस. म्हशी, खाचर आणि चिलीम, एवढंच त्यांचं जग. माझा मुक्काम त्यांच्याच ओटीवर असे. माझं बिऱ्हाड लोणावळ्याला होतं, पण आठवड्यातून एखादा दिवस सोडला तर मी जेवायचो मावशीच्या हातचं. ती मला बबन म्हणायची आणि भाकरी मोजून वाढणं तिला ठाऊक नव्हतं.

लढाई सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं, ती तिकडं विलायतेत चाललीय. पेठेत ती आली पेट्रोलच्या कुपनांच्या रूपानं. सरकारनं ठरवलं की पेट्रोल आधी लष्कराला, मग इतरांना. मोटारवाल्याला महिन्याची कुपनं मिळणार, तेवढंच पेट्रोल पंपावर घालणार. भाव सरकारनं बांधून दिलेला. लोक म्हणायचे, बरं झालं, भाव तरी वाढणार नाही. पेट्रोलचा भाव खरंच फारसा वाढला नाही. फक्त त्या भावात ते मिळेनासं झालं. आणि पेट्रोलवर जे जे येत-जात होतं त्याचा भाव कुणीच बांधलेला नव्हता.

अण्णाशेठनी मला गिरणीत बोलावलं. म्हणाले, "बबन, दोन फेऱ्यांचं पेट्रोल मिळणार न्हाई. एक फेरी. दुपारी जायचं, संध्याकाळच्या आत परत यायचं. मुक्काम कामशेतला."

"आणि सकाळचं दूध?"

"दूध काय लष्कर पितंय का, म्हनून कुपनांच्या सायेबानं इचारलं," अण्णाशेठ म्हणाले. "मी काय सांगू?"

साहेबाचाही दोष नव्हता. त्याच्यापुढं पुण्या-मावळातले सगळे मोटारवाले उभे असणार आणि प्रत्येकाची फेरी जीवनमरणाची असणार. पण त्या एका फेरीनं काय झालं ते मी रोज पाहत होतो. पेठेत दूध नासायला लागलं आणि लोणावळ्यात दुधाचा भाव चढायला लागला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, मध्ये मोजके मैल. मावशी दुपारच्या मोटारीनं दूध पाठवून बघायची, ते कामशेतला पोचेपर्यंत कॅनात फुटलेलं असे. मग तिनं खवा आटवायला घेतला. पण खवा रोज कोण खातो? त्या वर्षी तिनं दोन म्हशी विकल्या. त्यातली चांदी नावाची म्हैस धोंडीभाऊंची फार लाडकी. व्यापारी तिला घेऊन गेला त्या दिवशी धोंडीभाऊ रानात निघून गेले होते.

माझ्या घरी मात्र वेगळंच झालं. मोटार कामशेतला लावून मी रोज आगगाडीनं लोणावळ्याला परत यायला लागलो. तेव्हाच ब्रह्मदेश पडला आणि तिकडून येणारं रॉकेल मिळेनासं झालं. कार्डावर महिन्याला बाटलीभर, तेही रांगेत उभं राहून. आमच्या घरात एक कंदील आणि दोन चिमण्या होत्या, त्यातली एकच लागायला लागली. बायको म्हणाली, "या लढाईनं माझा नवरा घरी आणला आणि रॉकेल नेलं. आता अंधारात बघू काय तुमच्याकडं?" तिचं हे बोलणं चाळीत बरेच दिवस चाललं.

खंडाळ्याच्या बंगल्यांतली तऱ्हा तर विचारू नका. एका शेठजींची भलीमोठी मोटार होती. कुपनं संपली तेव्हा ते तिला बैल जुंपून स्टेशनवर यायला लागले. मोटारीच्या पुढं जू बांधलेलं, शेठजी आत चाकावर हात ठेवून बसलेले, आणि गाडीवान बैलांबरोबर पायी. एकदा उतारावर मोटार बैलांच्या अंगावर जायला लागली. शेठजी घाबरून ओरडले. गाडीवान मागं वळूनही न बघता म्हणाला, "मालक, बिरेक तुमी दाबा, बैलं मी बगतो. दोगांची कामं येगळी हायेत." मी स्टेशनबाहेर उभा होतो. त्या दिवसांत पोटभर हसल्याचं मला आठवतं ते एवढंच.

मग सरकारनं सांगितलं, पेट्रोल नसेल तर मोटारींना गॅस-प्लांट बसवा. ज्यांनी बसवला त्यांचा रस्ता राहील, नाहीतर बंद. अण्णाशेठनी बसवला.

आता तो प्रकार काय होता ते सांगतो. मोटारीच्या मागं पत्र्याचं एक उंच पिंप. त्यात लाकडी कोळसा भरायचा आणि खालून पेटवायचा. हातानं फिरवायचा एक पंखा असे, तो तुकाआबा घाम येईपर्यंत फिरवायचे. कोळसा धुमसला की त्याच्यातून एक वायू निघतो. तो नळीतून पुढं आणायचा, वाटेत गार करायचा, काथ्याच्या गाळणीतून गाळायचा आणि इंजिनाला द्यायचा. इंजिन सुरुवातीला उचलायला थोडं पेट्रोल लागे, त्यासाठी एक छोटी टाकी होती. सकाळी चहा करायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ मोटार पेटवायला लागे. आणि ताकद म्हणाल तर निम्मी. सपाटीवर चालायची, पण चढ दिसला की धाप लागायची. खिंडीच्या तोंडाशी तुकाआबा हाक द्यायचे, "उतरा रं सगळी, मोटारीला चढू द्या." लोक उतरायचे, ढकलायचे आणि वर पोचल्यावर पुन्हा बसायचे. पैसे मात्र पूर्ण प्रवासाचे. कुणी कुरकुर केली की आबा म्हणायचे, "ढकलायचं पैसं न्हाई घेतलं, हे काय कमी हाय?"

रोज परत आल्यावर राख काढायची, गाळणी धुवायची, नळ्या साफ करायच्या, त्यामुळं फेरी दुपारची एकच राहिली. माझ्या नखांतली काजळी लढाई संपल्यावरही कित्येक महिने गेली नाही. पण सुरुवातीला खरं सांगायचं तर आम्हाला त्याचं कौतुक वाटलं. पेट्रोल कुठून समुद्रापलीकडून यायचं. कोळसा आमच्याच रानातला. धोंडीभाऊंनी तर चिलीम बाजूला ठेवून मोटारीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "आता सरकारचं पेट्रोल न्हाई तरी चालंल. माज्या रानातलं लाकूड, माजी मोटार."

त्यांनी कोळसा पाडायला घेतला. दुधाचं गेलं होतं, हाताला काम हवंच होतं. मालकीच्या रानातली झाडं तोडायची, खड्ड्यात रचायची, माती-पाल्यानं झाकून आत विस्तव लावायचा आणि धूर बघत बसायचं. धूर पांढरा आहे तोवर थांबायचं, निळसर झाला की तोंड बुजवायचं. मोटारीच्या रोजच्या कोळशाची पोती धोंडीभाऊ देऊ लागले. मावशीच्या घरात पुन्हा थोडे पैसे दिसायला लागले. मला बरं वाटलं.

ते वाटणं फार दिवस टिकलं नाही. मावळातल्याच नाही, पुण्यापर्यंतच्या सगळ्या मोटारी कोळसा खायला लागल्या. लॉरी भरभरून कोळसा जायला लागला. मग सरकारनं कोळशावरही परवाना आणला. तालुक्याबाहेर न्यायचा तर परवाना, अमुक भावानंच विकायचा असा हुकूम. हेतू चांगलाच असणार. पण हुकूम आला त्या आठवड्यात लोणावळ्याच्या वखारीतून कोळसा गायब झाला. मिळायचा तो मागल्या दारानं, दुप्पट भावानं. लोणावळ्यात आमच्यासारख्या बिऱ्हाडकरूंचा सगळा स्वयंपाक शेगडीवर. बायको रिकामी पाटी घेऊन वखारीतून परत आली आणि मी नेमका जेवायला बसलो होतो.

"सरकारनं पेट्रोल कमी केलं ते मोटारीचं," ती म्हणाली. "माझी शेगडी काय मोटार होती? तिच्यात कधी पेट्रोल घातलं होतं मी?"

मी म्हटलं, "मोटारीला कोळसा लागतो, त्यामुळं झालं हे."

"म्हणजे माझा कोळसा तुम्हीच नेता, असं म्हणा की."

खरंच होतं. मी ज्या पिंपात रोज पोतं ओतत होतो, तेच पोतं आमच्या चाळीत आलं असतं तर अख्ख्या चाळीचा स्वयंपाक झाला असता. तिनं मग अंगणात मातीची चूल घातली. ओली लाकडं, पावसात धूर, आणि खोकला तिच्या छातीत जो बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणायचे, धूर टाळा. तो टाळायचा कसा हे त्यांनीही सांगितलं नाही.

पेठेच्या रस्त्यावर मी झाडं जाताना बघत होतो. वळणावर एक आंब्याचं झाड होतं, त्याच्या सावलीत लोक मोटारीची वाट बघत. एक दिवस तिथं नुसता बुंधा होता आणि लोक उन्हात उभे होते. इकडं लोणावळ्याच्या बाजूला डोंगरावरून विजेच्या तारांचे मनोरे मुंबईकडं गेलेले. पाणी मावळातलं, वीज मुंबईला, आणि मनोऱ्याखालच्या वाडीत करंजाच्या तेलाचा दिवा. धोंडीभाऊ एकदा लोणावळ्याला आले होते तेव्हा त्या तारांकडं बघून म्हणाले, "बबन, त्यातली येक तार जरा खाली वाकवता येनार न्हाई का रं?" मी हसलो. ते हसले नव्हते.

आता त्या दिवसाचं सांगतो. ते सांगायचं म्हणूनच बाकीचं सगळं लिहिलं.

हस्ताचा पाऊस होता. दसरा तोंडावर आलेला. दुपारी पेठेहून निघालो तेव्हा मोटार भरलेली होती. मंजुळामावशी कामशेतच्या बाजाराला चालली होती, पायाशी कोंबड्यांची पाटी. धोंडीभाऊ सगळ्यात मागच्या बाकावर, कारण टपावरची पोती भिजू नयेत म्हणून त्यांनी दोन आत घेतली होती आणि ते त्यांच्यावरच बसले होते. पाऊस सुरू झाला तसे आम्ही दोन्हीकडचे पडदे सोडले आणि बांधून घेतले. फरशीपाशी आलो तर पाणी फरशीवरून चाललेलं. उतरेपर्यंत थांबणं भाग होतं.

पेट्रोलची मोटार असती तर मी इंजिन बंद केलं असतं. पण कोळशाची भट्टी एकदा मंदावली की पावसात पुन्हा पेटवायची म्हणजे संध्याकाळ. म्हणून इंजिन चालूच ठेवलं. सगळे मोटारवाले तसंच करायचे. भट्टीतून येणाऱ्या नळीचा एक सांधा मागच्या बाकाखाली होता. त्याच्यात घालायची पट्टी झिजली होती. मी अण्णाशेठना सांगितलं होतं, अण्णाशेठनी पुण्यात तीन दुकानं पालथी घातली होती, आणि दुकानदारांनी लढाई आहे असं सांगितलं होतं. आम्ही तिथं चिंध्या आणि चिखल लिंपून चालवत होतो. त्या वायूला धूर नसतो, वासही नसतो म्हटलं तरी चालेल. एवढं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, धूर दिसत नाही म्हणजे ठीक आहे.

मी पुढं माझ्या जागेवर होतो. माझ्या बाजूला पडदा नव्हता, पाऊस अंगावर येत होता म्हणून मी वैतागलो होतो. मागं आधी गप्पा चालू होत्या. मग कुणीतरी डोकं दुखतंय म्हणालं. मग जांभया. मग शांत झालं. मला वाटलं, पावसानं माणसं पेंगुळली.

तेवढ्यात मंजुळामावशी ओरडली, "बबन! माज्या कोंबड्यास्नी काय झालं बग!"

मी वळून बघितलं. तिनं पाटीत हात घालून एक कोंबडी उचलली होती. तिची मान लोंबत होती. दुसरी काढली, तीही तशीच. मावशीचे डोळे अर्धवट मिटत होते आणि कोंबडी हातात धरून ती मलाच विचारत होती, "कशानं मेली रं ही?"

मला काय सुचलं, कसं सुचलं, सांगता येत नाही. मी इंजिन बंद केलं आणि ओरडलो, "आबा, पडदे फाडा! सगळ्यांना बाहेर काढा!" तुकाआबा पुढंच माझ्याशेजारी होते. त्यांनी कोयत्यानं दोऱ्या सपासप तोडल्या. आम्ही माणसांना ओढून पावसात काढायला लागलो. कुणी स्वतः उतरलं, कुणी उतरताच गुडघ्यावर बसून ओकायला लागलं. एक बाई पोराला छातीशी धरून चिखलात बसली आणि पोर रडायला लागलं तेव्हा तीही रडायला लागली. पोर रडलं म्हणजे ठीक होतं.

धोंडीभाऊ पोत्यांवर मागं टेकून बसले होते. चेहरा चांगला लालबुंद, जसं उन्हातनं आत्ताच घरी आलेत. झोपलेत असंच वाटलं. मी हाक मारली, हलवलं. अंग सैल. आबांनी आणि मी त्यांना उचलून फरशीच्या कडेला गवतावर घातलं. तोंडावर पाऊस पडत होता तरी पापणी हलेना. मावशी त्यांच्या डोक्याशी बसली. "अवो, उठा. अवो, भिजताय तुमी. उठा की." एवढंच ती म्हणत राहिली.

श्वास चालू होता. अगदी बारीक, पण होता. पाणी थोडं उतरल्याबरोबर मी छोट्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला दिलं, भट्टीची नळी काढून फेकली आणि पेट्रोल संपेपर्यंत मोटार हाणली. खिंड चढली ती. महिनोन्‌महिने जी मोटार ढकलून चढवली होती ती माणसांसकट एका दमात चढली. ते मला आजही सहन होत नाही. चार घोट पेट्रोलचं काम होतं.

कामशेतला डॉक्टर होते. तिथून धोंडीभाऊंना आगगाडीनं पुण्याच्या इस्पितळात नेलं. ते वाचले. बाकीचेही सगळे वाचले. कोंबड्या तेवढ्या गेल्या.

काही दिवसांनी मी पुण्याला भेटायला गेलो. धोंडीभाऊ खाटेवर बसले होते, मला बघून ओळखीचं हसले. मी म्हटलं, "बरं वाटतंय ना, भाऊ?" ते म्हणाले, "मला काय धाड भरलीय? तू हितं कसा? मोटार पेठंला कोन नेनार? दूध नासंल की." मग मावशीकडं वळून म्हणाले, "चांदीला पानी दावलं का?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "दावलं."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाली, "कालपासून धा बारी इचारलं त्यांनी. पयल्यांदा सांगितलं, अवो, इकली चांदी. लय रडलं. परत थोड्या येळानं तेच इचारलं. परत रडलं. मग मी ठरवलं, न्हाई सांगायचं. सांगून काय चांदी परत येनाराय?"

त्यांचं जुनं सगळं शाबूत होतं. लढाई सुरू झाल्यापासूनचं मात्र पुसलं गेलं होतं, आणि नवं काही राहत नव्हतं. सकाळी सांगितलेलं दुपारी जायचं. डॉक्टर म्हणाले, कदाचित सुधारेल. ते सुधारलं नाही.

चौकशीला सरकारचा एक साहेब आला. सभ्य माणूस होता. मोटार बघितली, सांधा बघितला, माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. जाताना सांगून गेला, की यापुढं पाऊस असो नसो, गॅसच्या मोटारींचे पडदे पूर्ण बांधायचे नाहीत. झिजलेली पट्टी कुठं मिळेल, याचं उत्तर त्याच्याकडंही नव्हतं. मी नोकरी सोडायचं मनात आणलं होतं. मावशीच म्हणाली, "तू सोडलीस तर दुसरा येईल. त्येला फरशी ठाव नसंल." मी राहिलो. त्यानंतर मी दर थोड्या वेळानं मागं वळून प्रवाशांना काहीतरी विचारायचो, नुसता आवाज ऐकण्यासाठी. लोकांना वाटायचं, ड्रायव्हर फार बोलका आहे.

लढाई संपली. पेट्रोल लगेच आलं नाही, पण हळूहळू आलं. गॅस-प्लांट काढून अण्णाशेठनी गिरणीच्या मागं टाकला. भाडं मात्र खाली आलं नाही. लढाईपुरतं म्हणून वाढवलं होतं. मी विचारलं तेव्हा अण्णाशेठ म्हणाले, "टायर बग, कर बग, सुटे भाग बग. आन येकदा खाली आनलं तर परत वर न्यायला सरकार दील का?" त्यांचंही चुकत नव्हतं. या सगळ्या प्रकरणात चुकतंय असा माणूस मला शोधून सापडला नाही, आणि तरी आमच्या चाळीपासून पेठेपर्यंत प्रत्येक घराचा खर्च दुप्पट-तिप्पट झाला, आणि तो तसाच राहिला.

मंजुळामावशी बाजाराच्या दिवशी धोंडीभाऊंना घेऊन कामशेतला यायची. घरी एकटं ठेवण्यापेक्षा बरं. लढाईच्या आधी पेठ ते कामशेत भाडं एक पावली, म्हणजे चार आणे होतं. आता नऊ आणे. धोंडीभाऊ खिशातून पावली काढून ऐटीत तुकाआबांच्या हातावर ठेवायचे, आणि आबा मुकाट्यानं तिकीट फाडायचे. उरलेले मावशी उतरताना द्यायची. बाजारातले दुकानदारही हे जाणून होते.

एकदा एक नवे शिक्षक मोटारीत होते. त्यांनी ते बघितलं आणि आबांना म्हणाले, "यांना पावलीत तिकीट आणि आम्हाला नऊ आणे? हा कुठला न्याय?"

आबा म्हणाले, "गुरुजी, बसा वाईच."

पण धोंडीभाऊंनी ऐकलं होतं. ते वळले. "नऊ आने? गुरुजी, तुमाला कुनीतरी फसवलं. पेठ ते कामशेत पावली हाय. न्हेमीची."

शिक्षक बुचकळ्यात पडले. शेजारच्या माणसानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मोटारीत शांतता पसरली. मी सवयीनं मागं बघितलं.

पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी पुढं वाकून म्हणाली, "भाऊ, आन साखर कशी हाय वो?"

"साखर? तीन आने शेर," धोंडीभाऊ म्हणाले.

"आन घासलेट?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"बाटलीला दोन आने. पायजे तेवडं घ्या, दुकानदार घरी आनून देतोय."

"धोतराची जोडी?"

"दोन रुपयाला चांगली येती."

"कोळसा?" हे एका बाईनं विचारलं.

"कोळशाला कोन पैसं देतंय, बाई? रान पडलंय समदं." ते हसले.

लोक एकामागून एक विचारत गेले. चेष्टा कुणीच करत नव्हतं. तूप, गूळ, कंदिलाची काच, पोरीच्या लुगड्याचं कापड. धोंडीभाऊ प्रत्येकाला भाव सांगत होते, अगदी खात्रीनं, आणि प्रत्येक भाव ऐकला की मोटारीतून एक हलका हुंकार यायचा. मावशी बाहेर बघत होती. शेवटी त्या शिक्षकांनीच हळूच विचारलं, "दूध, भाऊ?"

"दुधाचं काय, आमच्याच घरचं हाय. सकाळच्या मोटारीनं रोज जातंय," धोंडीभाऊ म्हणाले. मग जरा थांबून, सगळ्यांना समजावल्यासारखे म्हणाले, "स्वस्ताई हाय तवर करून घ्या रं सगळं. म्होरं काय हुईल, सांगता येत न्हाई."

खिंडीचा चढ सुरू झाला होता. मी गिअर बदलला.